मूडलच्या सर्व्हरवर अभ्यासक्रमांच्या बॅकअप फाइली नेमक्या कोठे असतात?

प्रश्न · संगणक_प्रयोगशाळा

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात २०२० च्या टाळेबंदीत मूडल ३.९ (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची संगणकप्रणाली) बसवण्यात आले आणि तेव्हापासून ते त्याच सर्व्हरवर चालू होते. ते बसवणारे सहकारी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी, रीतसर हस्तांतर न होताच, माझ्याकडे आली. मी मुळात प्रयोगशाळेतला माणूस आहे. लिनक्सच्या आदेशांची मला जुजबी ओळख आहे, परंतु मूडलच्या आत काय चालते याची फारशी माहिती नाही.

उबुंटू २०.०४ ची नियमित मुदत संपल्यामुळे मागील आठवड्यात आमच्या बाह्य सेवापुरवठादाराने सर्व्हर परस्पर २२.०४ वर नेला. त्यासोबत, मूडल ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीची ७.४ आवृत्ती जाऊन ८.१ आली आणि तेव्हापासून मूडलचे पान पांढरे फटक दिसते. डेटाबेस मात्र चालू आहे आणि कमांड लाइनवरून मला त्यात शिरता येते. सर्व्हरची डिस्क ९६ टक्के भरलेली असल्यामुळे कोणताही मोठा प्रयोग करायला मी धजावत नाही.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या एका विभागाला २०२३-२४ या वर्षातील एका अभ्यासक्रमाचे अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे विद्यार्थ्यांनी सादर केलेले स्वाध्याय आणि त्यांना दिलेले गुण, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदपत्रांसाठी तातडीने हवे आहेत. हा अभ्यासक्रम जून २०२४ मध्ये नव्या तुकडीसाठी रीसेट केला गेला, त्यामुळे चालू अभ्यासक्रमात तो डेटा आता नाही. संबंधित प्राध्यापिका ठामपणे सांगतात की, रीसेट करण्यापूर्वी त्यांनी मूडलमधूनच बॅकअप घेतला होता, मात्र तो स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतला नाही. म्हणजे ती फाइल सर्व्हरवरच असली पाहिजे.

मी सुडो वापरून, फाइंड आदेशाने, संपूर्ण डिस्कवर 'डॉट एमबीझेड' या, मूडलच्या बॅकअपला असणाऱ्या, शेपटीच्या फाइली शोधल्या. एकही सापडली नाही. मूडलच्या डेटा फोल्डरमध्ये 'फाइलडीर' नावाचा एक फोल्डर आहे आणि त्याने एकट्याने सुमारे १९० जीबी जागा व्यापली आहे. त्यात दोन-दोन अक्षरांच्या नावांचे असंख्य फोल्डर असून सर्वांत आत चाळीस अक्षरी, निरर्थक वाटणाऱ्या नावांच्या फाइली आहेत, ज्यांना शेपूट असे नाहीच. प्रामाणिकपणे सांगायचे तर, पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरस आला असून त्याने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, असेच मला वाटले.

माझे प्रश्न दोन आहेत. मूडलमधून घेतलेला अभ्यासक्रमाचा बॅकअप सर्व्हरवर प्रत्यक्षात कोठे जातो? आणि संकेतस्थळ बंद असताना तो बाहेर काढता येतो का?

उत्तर · रात्रीचा_क्रॉन

तुमच्या फाइली सुखरूप आहेत, व्हायरसची धास्ती प्रथम सोडून द्यावी. चाळीस अक्षरी नावे ही मूडलची नेहमीची पद्धत आहे. त्याच फाइलडीरच्या तोंडाशी 'वॉर्निंग' नावाची एक छोटी मजकूर-फाइल असेल, ती उघडून पाहा. येथील फाइली हाताने हलवू, बदलू किंवा त्यांची नावे बदलू नयेत, अशी सूचना तिच्यात मूडलनेच लिहून ठेवलेली असते. आपल्याकडे सर्व्हर सांभाळणारे बहुतेक लोक ती फाइल पहिल्यांदा उघडतात ते संकट आल्यावरच.

मूडलच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १.९ पर्यंत, मामला सोपा होता. डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाच्या क्रमांकाचा एक फोल्डर असे, त्यात 'बॅकअपडेटा' नावाचा पोटफोल्डर असे आणि तेथे नावासकट झिप फाइल मिळे. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने ही रचना पूर्णपणे मोडली. तेव्हापासून फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर यांची फारकत झाली आहे. नाव, मालक, अभ्यासक्रम आणि तारीख डेटाबेसमधील 'फाइल्स' या टेबलात राहतात. मजकुराचा शा-१ या गणिती पद्धतीने हॅश, म्हणजे त्या मजकुराचा ठसा, काढला जातो आणि ती चाळीस अक्षरेच डिस्कवरील फाइलचे नाव बनतात. हॅशची पहिली दोन अक्षरे म्हणजे बाहेरचा फोल्डर, पुढची दोन म्हणजे आतला फोल्डर. समजा हॅशची सुरुवात ४७०९ अशी असेल, तर ती फाइल फाइलडीरमधील '४७' या फोल्डरात, त्याच्या आतील '०९' या फोल्डरात, संपूर्ण चाळीस अक्षरी नावाने पडलेली असते. एकच पीडीएफ दहा अभ्यासक्रमांत चढवली तरी तिचा हॅश एकच असल्यामुळे ती डिस्कवर एकदाच ठेवली जाते, हा या रचनेचा मोठा लाभ आहे. बॅकअपच्या बाबतीत मात्र तो लाभ मिळत नाही. प्रत्येक बॅकअप ही स्वतंत्र बांधलेली मोट असते आणि आतील मजकूर तोच असला तरी वेळेचे शिक्के बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी नवा हॅश आणि नवी फाइल तयार होते. तुमच्या १९० जीबीचे मूळ येथेच असावे, असा माझा अंदाज आहे.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. मूडलच्या कोड फोल्डरमधील 'कॉन्फिग' ही पीएचपी फाइल उघडा. तिच्यात डेटाबेसचे नाव, टेबलांच्या नावाआधी लागणारा उपसर्ग (सहसा 'एमडीएल' आणि अधोरेषा) आणि 'डेटारूट' म्हणजे डेटा फोल्डरचा मार्ग, या तिन्ही गोष्टी मिळतील. त्यानंतर डेटाबेसमध्ये जाऊन फाइल्स टेबलावर प्रश्न टाका. या टेबलातील 'कंपोनंट' आणि 'फाइलएरिया' हे दोन रकाने आपल्या कामाचे आहेत. ज्या नोंदींचा कंपोनंट 'बॅकअप' आहे, त्यांपैकी हाताने घेतलेल्या संपूर्ण अभ्यासक्रमाच्या बॅकअपचा फाइलएरिया 'कोर्स' असतो, एखाद्या विभागाचा असेल तर 'सेक्शन', एकाच कृतीचा असेल तर 'अॅक्टिव्हिटी' आणि रात्री आपोआप घेतलेल्या बॅकअपचा 'ऑटोमेटेड'. प्रथम कोणतीही गाळणी न लावता, फक्त कंपोनंटची अट घालून, फाइलएरियानुसार नोंदींची संख्या आणि फाइलसाइझ या रकान्याची बेरीज काढावी. जागा कोणी खाल्ली याचा उलगडा त्या चार ओळींत होतो.

फाइल्स टेबलात अभ्यासक्रमाचा क्रमांक थेट मिळत नाही, तेथे 'कॉन्टेक्स्टआयडी' असतो, म्हणजे फाइल अभ्यासक्रमाची, वापरकर्त्याची की आणखी कशाची हे सांगणाऱ्या नोंदीचा क्रमांक. म्हणून हे टेबल 'कॉन्टेक्स्ट' टेबलाशी जोडावे, त्यात कॉन्टेक्स्टलेव्हल ५० अशी अट घालावी (५० म्हणजे अभ्यासक्रम) आणि 'इन्स्टन्सआयडी' हा रकाना 'कोर्स' टेबलाच्या आयडीशी जुळवावा. नाव नुसते टिंब असलेल्या नोंदी वगळाव्यात, त्या फोल्डर दर्शवणाऱ्या रिकाम्या नोंदी असतात. निकालात कॉन्टेन्टहॅश, फाइलनेम, फाइलसाइझ आणि टाइमक्रिएटेड हे चार रकाने मागवले की पुरे. टाइमक्रिएटेड हा १९७० पासूनच्या सेकंदांत असतो, तो वाचण्याजोग्या तारखेत बदलून घ्यावा.

हॅश हाती आला की फाइलडीरमधून ती फाइल दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. कॉपीच करा, हलवू नका. कॉपीवर शा-१ चा हिशेब चालवून पाहा. जी चाळीस अक्षरे येतील ती फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळली, तर फाइल धड आहे याची खात्री पटते. ही आपोआप मिळालेली पावती मला या रचनेत सर्वांत जास्त आवडते. मग कॉपीला डॉट एमबीझेड हे शेपूट लावा, झाला तुमचा बॅकअप तयार.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. संकेतस्थळ बंद आहे तोवर फाइलडीरमधील एकही फाइल जागा मोकळी करण्यासाठी पुसू नये. फाइल गेली तरी डेटाबेसमधली नोंद तशीच राहते आणि पुढे मूडल त्या नोंदीवर विसंबून ठेचकाळत राहते.

उत्तर · माजी_ग्रंथपाल

वरील उत्तर नेमके आहे. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर फाइलडीर म्हणजे कपाट आणि फाइल्स टेबल म्हणजे सूची. सूचीशिवाय कपाटात शिरणाऱ्याची जी गत होते, तीच तुमच्या फाइंड आदेशाची झाली. मी फक्त ज्या जागा तपासायच्या राहून जातात त्या सांगतो.

पहिली जागा शिक्षकाच्या खासगी बॅकअप-क्षेत्राची. या नोंदींचा कंपोनंट 'बॅकअप' नसून 'यूजर' असतो आणि फाइलएरिया 'बॅकअप' असतो, त्यामुळे वर सांगितलेल्या गाळणीतून त्या निसटतात. त्यांचा कॉन्टेक्स्टही अभ्यासक्रमाचा नसून वापरकर्त्याचा, म्हणजे ३० या पातळीचा असतो. बॅकअप घेताना वापरकर्ते वगळले असतील किंवा विद्यार्थ्यांची ओळख झाकण्याचा पर्याय निवडला असेल, तर मूडल ती फाइल अभ्यासक्रमाच्या क्षेत्रात न ठेवता येथे ठेवते. प्राध्यापिकांनी चुकून ओळख झाकण्याची खूण केली असेल, तर त्यांचा बॅकअप येथे सापडेल, पण त्यात नावांच्या जागी बनावट नावे असतील.

दुसरी जागा आपोआप होणाऱ्या बॅकअपसाठी ठरवून दिलेल्या स्वतंत्र फोल्डरची. मूडलच्या प्रशासनात आपोआप बॅकअप कोठे ठेवायचे याचे तीन पर्याय आहेत. अभ्यासक्रमाच्या क्षेत्रात, सांगितलेल्या फोल्डरात किंवा दोन्हीकडे. सांगितलेल्या फोल्डरात ठेवलेल्या फाइलींना मात्र खरे नाव आणि खरे शेपूट असते. तुमच्या फाइंडला एकही फाइल मिळाली नाही, याचा अर्थ पहिलाच पर्याय निवडलेला असणार. खात्री करायची असल्यास 'कॉन्फिग_प्लगिन्स' टेबलात प्लगिनचे नाव 'बॅकअप' असलेल्या नोंदी पाहाव्यात. साठवण्याची जागा, ठरवलेला फोल्डर आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचे किती बॅकअप ठेवायचे, या तिन्ही गोष्टी तेथे लिहिलेल्या असतात. यातील शेवटची नोंद काळजीपूर्वक वाचा. मुळात तेथे १ असतो. तेथे ० असेल तर त्याचा अर्थ 'एकही नाही' असा नसून 'सगळे ठेवा' असा आहे.

तिसरी जागा म्हणजे डेटा फोल्डरमधील 'टेम्प' आणि त्यातील 'बॅकअप'. ही बॅकअप बांधण्याची कार्यशाळा आहे. येथे अर्धवट राहिलेल्या बॅकअपचे सुटे अवशेष सापडतात आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी व्यवस्था) चालू असेल तर तेही काही दिवसांत झाडले जातात. येथून वर्षापूर्वीचे काही मिळण्याची आशा ठेवू नये.

चौथी जागा 'ट्रॅशडीर'. मूडलमधून एखादी फाइल पुसली आणि तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही नोंदीला लागत नसेल, तर ती फाइलडीरमधून येथे येते आणि येथूनही क्रॉन तिला लवकरच काढून टाकतो. वर्षभरापूर्वी पुसलेली फाइल येथे असणार नाही.

याच संदर्भात माझा एक अनुभव सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तेथे एका कर्मचाऱ्याने जुना अभ्यासक्रम 'बॅकअप आहेच' या भरवशावर पुसला. बॅकअप होता हे खरे, परंतु तो त्याच अभ्यासक्रमाच्या क्षेत्रात होता. अभ्यासक्रम पुसला की त्याचा कॉन्टेक्स्ट जातो आणि कॉन्टेक्स्टसोबत त्यातील हाताने घेतलेले आणि आपोआप घेतलेले सगळे बॅकअपही जातात. अशा वेळी ३.१ पासून आलेली वर्गवारीची कचरापेटी तेवढी मदतीला येते, पण तीही मूळ मांडणीत सात दिवसच. आमच्या लक्षात आले ते नवव्या दिवशी. तुमचा अभ्यासक्रम रीसेट झाला, पुसला गेला नाही, हे तुमचे नशीब. रीसेट करताना विद्यार्थी आणि त्यांचे काम जाते, बॅकअपच्या क्षेत्राला हात लागत नाही.

पुढील प्रश्न · संगणक_प्रयोगशाळा

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी पायरीपायरीने गेलो, त्याचा निकाल येथे मांडतो.

कॉन्फिग_प्लगिन्स टेबलात ठेवायच्या बॅकअपची संख्या खरोखरच ० निघाली. माझ्या माजी सहकाऱ्यांनी दर रविवारी पहाटे आपोआप बॅकअप होईल अशी व्यवस्था केली होती आणि सगळेच ठेवा असे मूडलला सांगून ठेवले होते. संपूर्ण संकेतस्थळाची बेरीज केली तेव्हा 'ऑटोमेटेड' या एकाच क्षेत्राने सुमारे १५० जीबी व्यापल्याचे दिसले. इतके महिने डिस्क का भरते म्हणून मी विद्यार्थ्यांच्या व्हिडिओंना दोष देत होतो!

हव्या असलेल्या अभ्यासक्रमासाठी 'कोर्स' या क्षेत्रात एकही नोंद नाही, प्राध्यापिकांच्या खासगी बॅकअप-क्षेत्रात मात्र एक नोंद आहे, ती मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यातील. म्हणजे प्राध्यापिकांचे म्हणणे खरे होते. परंतु ती फाइल अवघी १८ एमबीची आहे आणि तिच्या नावाच्या शेवटी, शेपटीच्या आधी, 'एनयू' अशी दोन अक्षरे आहेत. 'ऑटोमेटेड' क्षेत्रात त्याच अभ्यासक्रमाच्या ४० नोंदी आहेत आणि मार्च-एप्रिल २०२४ मधील नोंदी सुमारे ३०० एमबीच्या आहेत.

आता तीन शंका आहेत. 'एनयू'चा अर्थ काय? दुसरे म्हणजे, एका फाइलच्या नावात २०२४०५२६ आणि ०२०५ असे आकडे आहेत, म्हणजे २६ मे रोजी पहाटे दोन वाजून पाच मिनिटे, परंतु टाइमक्रिएटेडचे रूपांतर केल्यावर २५ मे, रात्री ८ वाजून ३५ मिनिटे असे येते. फाइल नावाच्या आधी कशी तयार झाली? आणि शेवटची शंका अशी की, फाइल धड आहे हे शा-१ ने कळले, तरी तिच्यात गुण आणि स्वाध्याय आहेत की नाहीत हे मूडल बंद असताना कसे पाहावे?

उत्तर · रात्रीचा_क्रॉन

'एनयू' म्हणजे वापरकर्ते वगळून घेतलेला बॅकअप. त्यात धडे, फाइली, प्रश्नपेढी असते, पण विद्यार्थी, त्यांचे काम आणि गुण नसतात. म्हणूनच तो १८ एमबीचा आहे. ओळख झाकलेल्या बॅकअपच्या नावात त्याच जागी 'एएन' असते. प्राध्यापिकांनी बॅकअप घेतला हे खरे, फक्त नेमके जे आज हवे आहे तेच त्यात नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. बॅकअप घेताना दिसणाऱ्या त्या लांबलचक खुणांच्या पानावर 'नोंदणी केलेले वापरकर्ते' ही एक खूण किती मोलाची आहे, हे ते पान सांगतच नाही.

वेळेच्या फरकाचे कोडे सोपे आहे. तुमचा डेटाबेस जागतिक वेळेवर चालतो. रात्री ८:३५ मध्ये साडेपाच तास मिळवा, पहाटेचे २:०५ होतात. फाइलचे नाव मूडल भारतीय वेळेनुसार लावते, कारण तुमच्या संकेतस्थळावर तो विभाग निवडलेला आहे. २६ मे २०२४ हा रविवारच होता, म्हणजे हिशेब जुळला. रीसेटच्या आधीच्या शेवटच्या रविवारची फाइल निवडताना हा फरक लक्षात ठेवा, एवढेच.

आतील मजकूर पाहण्यासाठी मूडल लागत नाही. एमबीझेड हे केवळ नाव आहे, आत झिप किंवा जीझिप केलेली टार फाइल असते. लिनक्सचा 'फाइल' हा आदेश कॉपीवर चालवला की यांपैकी काय आहे ते कळते. त्यानुसार अनझिप किंवा टार वापरून ती एखाद्या रिकाम्या फोल्डरात उलगडा. वरच्याच पातळीवर 'मूडल_बॅकअप' नावाची एक्सएमएल फाइल असेल, तीच त्या मोटेची पावती. बॅकअप कोणत्या आवृत्तीत घेतला, मूळ अभ्यासक्रमाचा क्रमांक आणि नाव काय, वापरकर्ते घेतले होते की नाही, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. त्याच पातळीवर 'यूजर्स' नावाची एक्सएमएल फाइल असेल आणि ती भरलेली असेल तर विद्यार्थी आत आहेत. मग 'अॅक्टिव्हिटीज' या फोल्डरात जा. प्रत्येक स्वाध्यायाचा 'असाइन' असे नाव आणि क्रमांक असलेला एक फोल्डर दिसेल. त्यातील 'ग्रेड्स' आणि 'असाइन' या एक्सएमएल फाइली नुसत्या डोळ्यांखालून घातल्या तरी गुण आहेत की नाहीत ते समजते. विद्यार्थ्यांनी चढवलेल्या प्रत्यक्ष फाइली आतील 'फाइल्स' फोल्डरात पुन्हा हॅशच्याच नावाने असतात आणि त्यांची सूची शेजारच्या 'फाइल्स' एक्सएमएलमध्ये. मोटेच्या आतही कपाट वेगळे आणि सूची वेगळी, हे पाहून माजी ग्रंथपालांना आनंद होईल.

उलगडलेला फोल्डर वेब सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरात ठेवू नका. त्यात विद्यार्थ्यांची नावे आणि ई-मेल पत्ते उघड्या अक्षरांत असतात. पाहून झाले की पुसून टाका.

उत्तर · हळूहळू_अपग्रेड

शोध लागला हे उत्तम. परंतु या सगळ्या हस्तकौशल्याची गरज पडली ती संकेतस्थळ बंद असल्यामुळे, आणि ते चालू करण्याचा मार्ग तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही, असे माझे मत आहे.

मूडल ३.९ हे पीएचपी ७.४ च्या पुढे चालत नाही, त्यामुळे ८.१ वर पांढरे पान येणे स्वाभाविक आहे. त्याच कारणाने कमांड लाइनवरील मूडलचे आदेशही चालणार नाहीत. मात्र मूडल ४.१ हे पीएचपी ८.१ वर चालते आणि ३.९ वरून थेट ४.१ वर जाता येते, मध्ये थांबा घ्यावा लागत नाही. ४.१ चा सुरक्षा-आधार डिसेंबर २०२५ पर्यंतच होता, म्हणून तेथे मुक्काम करू नये. तेथून, ४.१.२ किंवा त्यापुढील आवृत्ती हाताशी असेल तर, ४.५ वर जाता येते आणि त्यालाही पीएचपी ८.१ चालते.

त्याआधी डेटाबेसची संपूर्ण प्रत आणि डेटा फोल्डरची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. दोन्ही एकाच वेळच्या हव्यात. सूची सोमवारची आणि कपाट शुक्रवारचे असेल तर दोन्ही असूनही नसल्यासारखी. सर्व्हरवर जागा नाही हे मला दिसते आहे, म्हणून बाहेरची डिस्क म्हणतो. हाताने फाइली पुसून जागा करण्याचा मोह या टप्प्यावर सर्वांत जास्त होतो.

तुमच्या तातडीच्या कामासाठी मुख्य संकेतस्थळ सुरू होण्याची वाटही पाहू नका. वेगळ्या संगणकावर, हवे तर लॅपटॉपवर, कोरे मूडल ४.१ बसवा आणि तेथे २६ मेचा बॅकअप पूर्ववत करा. जुन्या आवृत्तीतला बॅकअप नव्या आवृत्तीत उलगडतो, उलट दिशेने खात्री नाही. ३०० एमबीची फाइल ब्राउझरमधून चढवताना पीएचपीची चढवण्याची मर्यादा आडवी येईल. ती वाढवण्यापेक्षा कमांड लाइनवरील पूर्ववत करण्याचा आदेश वापरावा. 'अॅडमिन' फोल्डरातील 'सीएलआय' मध्ये 'रिस्टोअर_बॅकअप' नावाची पीएचपी फाइल आहे, तिला फाइलचा मार्ग आणि ज्या वर्गवारीत अभ्यासक्रम हवा तिचा क्रमांक द्यायचा असतो. आदेश वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने, म्हणजे उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने चालवा. रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालवल्यास डेटा फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि मग मूडललाच त्या लिहिता येत नाहीत. या एका चुकीमुळे रात्रीचे दोन वाजलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

मुख्य संकेतस्थळ नव्या आवृत्तीवर उभे राहिले की, ठेवायच्या बॅकअपची संख्या ० वरून दोन किंवा तीन करा. पुढच्या आपोआप बॅकअपच्या वेळी मूडल त्या त्या अभ्यासक्रमाच्या जास्तीच्या प्रती स्वतःच काढायला लागेल, त्या ट्रॅशडीरमध्ये जातील आणि क्रॉन तेथून त्या झाडेल. जे अभ्यासक्रम बदललेलेच नाहीत आणि म्हणून वगळले जातात, त्यांच्या जुन्या प्रती मात्र पडून राहू शकतात. त्या प्रशासकाच्या खात्याने अभ्यासक्रमाच्या पूर्ववत करण्याच्या पानावरून पुसाव्यात. ही छाटणी सुरू होण्यापूर्वी नॅकला लागणाऱ्या वर्षांचे बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नावानिशी काढून ठेवा. आपोआप बॅकअपसाठी स्वतंत्र फोल्डरचा पर्यायही याच वेळी निवडा, म्हणजे तुमच्या जागी पुढे येणाऱ्या माणसाला डॉट एमबीझेड शोधल्यावर काहीतरी सापडेल.

पुढील नोंद · संगणक_प्रयोगशाळा

प्रयोगशाळेतील एका मोकळ्या संगणकावर ४.१ बसवून २६ मेचा बॅकअप पूर्ववत केला. त्याआधी शा-१ ची चाळीस अक्षरे जुळवून पाहिली, ती जुळली. ६२ विद्यार्थी, त्यांचे स्वाध्याय आणि गुणपत्रक, सगळे जागेवर आहे. प्राध्यापिकांनी समोर बसून तीन विद्यार्थ्यांचे गुण त्यांच्या वहीतील नोंदींशी ताडून पाहिले आणि तेही बरोबर निघाले. गुणपत्रक तेथूनच एक्सेलमध्ये उतरवून विभागाला दिले आहे.

पहिल्या प्रयत्नात मी आदेश रूटनेच चालवला होता, हेही येथे नमूद करतो. चौथ्या उत्तरातील इशारा मी त्यानंतर वाचला. डेटा फोल्डरची मालकी पुन्हा वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे देईपर्यंत पान उघडत नव्हते.

बाहेरची दोन टीबीची डिस्क मागवली आहे. ती आली की मुख्य सर्व्हरच्या प्रती घेऊन ४.१ कडे वळेन. एक शंका उरली आहे. ४० पैकी जूननंतरचे बॅकअप नव्या तुकडीचे आहेत, पण १६ जूनच्या नोंदीचा आकार मध्येच ११० एमबी इतका दिसतो. रीसेट अर्धवट झाला असताना तो घेतला गेला असेल का?

उत्तर · माजी_ग्रंथपाल

शक्य आहे, पण अंदाज बांधण्याची गरज नाही. 'बॅकअप_कोर्सेस' या टेबलात पाहून उपयोग नाही, कारण तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या फक्त शेवटच्या फेरीची स्थिती असते. ती मोट उलगडून तिच्यातील 'यूजर्स' एक्सएमएल पाहा. विद्यार्थी ६२ असतील तर जुनी तुकडी तोवर आत होती आणि फाइली तेवढ्या गेल्या होत्या. तसे असेल तर गुणांत मे महिन्यानंतर झालेल्या दुरुस्त्या या प्रतीत असू शकतात. विभागाला दिलेले गुणपत्रक अंतिम म्हणण्यापूर्वी दोन्ही प्रतींतील गुण एकदा ताडून घ्यावेत.